हरताळ, कवठ आणि सोने

वर्धा शहरालगत गोपुरी येथे गीताई मंदिर आहे. त्याला छप्पर नाही, गाभारा नाही. विनोबांच्या ‘गीताई’चे अठरा अध्याय कोरलेल्या उभ्या शिळा हेच तेथील वैभव. शेजारीच विश्वशांती स्तूप उभा आहे. त्यामागील प्रेरणा जपानी भिक्षू फुजी गुरुजी यांची. गुरुजी १९३३ साली गांधीजींना भेटले ते वर्ध्यातच. शुभ्र घुमट, चार दिशांना बुद्धमूर्ती आणि सभोवती शांत बाग, असे या स्थळाचे साधे रूप आहे.

बौद्ध कला मात्र सर्वत्र अशी शुभ्र नाही. थायलंडमध्ये ती काळ्या रोगणावर सोन्याने प्रकटते. तेथील विहारांची दारे, खिडक्या आणि विशेषतः धर्मग्रंथांची लाकडी कपाटे या चित्रांनी नटलेली असतात. या कलेला ‘लाय रोत नाम’ म्हणतात; अर्थ असा, की पाण्याने धुऊन उमटवलेली नक्षी.

तिची कृती ऐकण्याजोगी आहे. लाकडावर काळ्या रोगणाचे अनेक थर देऊन ते गुळगुळीत घासतात. जेथे सोने नको, तेवढाच भाग एका पिवळ्या लेपाने रंगवतात. मग सर्वत्र रोगणाचा अतिशय पातळ हात देऊन तो जवळजवळ पुसून काढतात, त्यावर सोन्याचा वर्ख लावतात आणि रोगणाने सोने धरले की फलक पाण्याने धुतात. पिवळा लेप विरघळतो, आपल्या अंगावरचे सोने घेऊन वाहून जातो. उरते ती काळ्यावर सोन्याची रेघ.

हा लेप कशाचा? हरताळ, कवठाच्या झाडाचा डिंक आणि शिकेकाईच्या शेंगांचे पाणी. वर्ध्याच्या बाजारातील काष्ठौषधींच्या जुन्या दुकानदाराला यांतील एकही नाव परके वाटणार नाही. हरताळाला थाई भाषेत ‘होरदान’ म्हणतात. तो शब्द संस्कृत ‘हरिताल’ याचेच रूप होय.

श्रावकाच्या मनात येथे एक प्रश्न उभा राहतो. शास्त्राने श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत लाक्षावाणिज्य, म्हणजे लाखेचा व्यापार, येतो, कारण लाख किड्यांपासून मिळते. थाई रोगण मात्र लाखेचे नव्हे. ते ‘राक’ नावाच्या वृक्षाच्या खोडातून पाझरणाऱ्या चिकाचे असते. नावावरून वस्तूची पारख करू नये, हे व्यापारी घराण्यांना वेगळे सांगावयास नको.

हरताळाचे जैन पोथ्यांशीही जुने नाते आहे. लेखनिकाचे अक्षर चुकले की त्यावर हरताळ लावून ते झाकीत. ‘हरताळ फासणे’ हा आपला वाक्प्रचार याच व्यवहाराची आठवण देतो. पोथीत हरताळ राहतो आणि चूक झाकली जाते. थाई फलकावर हरताळ जातो आणि चित्र राहते.

बँकॉकच्या सुआन पक्कद राजवाड्यात या कलेचा एक प्रख्यात मंडप आहे. अयुध्या परिसरातील एका विहाराची ही जुनी वास्तू जीर्ण झाली होती. राजकुमार चुम्भोत यांनी ती मिळवून दुरुस्त करविली आणि १९५९ साली पत्नीला वाढदिवसानिमित्त अर्पण केली. तिच्या भिंतींवर बुद्धचरित्र आहे, आणि रामकथाही आहे.

ताडपत्रांवरील वचनांसाठी त्या लोकांनी एवढे सोने वेचले. आपल्या विदर्भातही ज्ञानधन थोडे नाही. कारंजा येथील जैन मंदिरांच्या ग्रंथभांडारांत शेकडो वर्षे पोथ्या जपल्या गेल्या. रायबहादूर हिरालाल यांनी १९२६ साली प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांत व वऱ्हाडच्या हस्तलिखित-सूचीमुळे त्यांची ओळख विद्वानांना झाली, आणि डॉ. हिरालाल जैन यांच्यासारख्या संशोधकांनी तेथील अपभ्रंश ग्रंथ प्रकाशात आणले.

मात्र मोठ्या भांडारांबाहेर, एखाद्या घराच्या माळ्यावर किंवा मंदिराच्या कोपऱ्यातील पेटीत बासनात बांधलेली पोथी असेल, तर तिचे काय? वाळवी आणि ओल शास्त्र ओळखीत नाहीत. दिवाळीला चोपडीचे पूजन न चुकता होते. श्रुतपंचमीला अथवा ज्ञानपंचमीला ते बासन सोडावे, पाने वाऱ्यावर धरावी, कोरडे कापड बदलावे आणि पोथीचे नाव वहीत नोंदवावे. त्यासाठी सोन्याचे कपाट लागत नाही.