रांजणांच्या पठारावर

मुलांनो, निघोजचे रांजणखळगे तुमच्यापैकी कितीजणांनी पाहिलेत? कुकडी नदीनं खडकात कोरलेले ते खोल रांजण बघून आमच्या शाळेच्या सहलीतली पोरं थक्क झाली होती. पण माणसांनी दगडातून घडवलेले, पुरुषभर उंचीचे शेकडो रांजण उघड्या माळावर पडलेले कुणी पाहिलेत? मी पाहिले! लाओस नावाच्या देशात.

माझी धाकटी बहीण बँकॉकला असते. दिवाळीच्या सुट्टीत मी तिच्याकडे गेले, तेव्हा ती, तिचा नऊ वर्षांचा मुलगा आणि मी अशी तिघं निघालो. रात्रभर आगगाडीनं नाँग खाय गाठलं. तिथं मेकाँग नदीवरचा पूल ओलांडला की लाओस सुरू! राजधानी व्हिएन्तियान तिथून जवळच. मग दिवसभर घाटवळणं घेत बसनं फोन्सावान. हे सियांग ख्वांग प्रांताचं मुख्य गाव. वाटेत भातखाचरं, बांबूची बेटं, लालमातीचे रस्ते. थेट कोकणच! फक्त घरं तेवढी खांबांवर उभी. एका घराचे खांब मात्र लोखंडी दिसले. जवळ जाऊन बघतो तर काय, विमानातून टाकलेल्या बॉम्बची रिकामी कवचं!

“ताई, इथं असंच असतं,” बहीण म्हणाली. “उद्या कळेल तुला.”

दुसऱ्या दिवशी पठारावर गेलो. हे रांजण दोन हजार वर्षांपूर्वीचे. मृतांच्या अंत्यविधीसाठी ते वापरत असावेत, असं अभ्यासक सांगतात. २०१९ साली युनेस्कोनं त्यांना जागतिक वारशाचा मान दिला. पण माझी नजर रांजणांपेक्षा जमिनीतल्या छोट्या खुणांवर खिळली. अर्ध्या पांढऱ्या, अर्ध्या लाल.

आमची वाटाडी मुलगी मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाली, “पांढऱ्या बाजूनं चाला. लाल बाजूला पाऊल टाकायचं नाही.”

आणि तेवढ्यात आमचा भाचा ओरडला, “मावशी, बॉल!” गवतात काहीतरी गोल दिसलं आणि स्वारी निघाली तिकडे! त्या मुलीनं झेप घेऊन त्याचा दंड धरला. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. लांबूनच नीट पाहिल्यावर ते एक वाळकं फळ आहे, हे कळलं. पण माझे पाय कितीतरी वेळ लटपटत होते.

ती एवढी का घाबरली? ऐका तर. शेजारच्या व्हिएतनाममध्ये युद्ध चालू होतं. तिथे रसद नेणारा एक मार्ग लाओसच्या जंगलातून जात होता, आणि खुद्द लाओसमध्येही लढाई पेटली होती. म्हणून १९६४ ते १९७३ या नऊ वर्षांत अमेरिकेच्या विमानांनी या चिमुकल्या देशावर वीस लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले. त्यांत क्लस्टर बॉम्ब होते. हा बॉम्ब डाळिंबासारखा समजा. वरचं कवच हवेत उघडतं आणि आतले शेकडो छोटे बॉम्ब दाण्यांसारखे शेतांवर, रानावर विखुरतात. असे सुमारे २७ कोटी छोटे बॉम्ब लाओसवर पडले. त्यांतले अंदाजे ८ कोटी फुटलेच नाहीत! मातीत, गवतात तसेच राहिले. तिथले लोक त्यांना ‘बॉम्बी’ म्हणतात. त्यांतले कितीतरी दिसायला तुमच्या टेनिस बॉलएवढे. मुलांना वाटतं, चेंडूच सापडला. शेतकऱ्याची कुदळ लागते आणि घात होतो. युद्ध संपल्यानंतरही वीस हजारांहून जास्त माणसं यांमुळे दगावली किंवा जखमी झाली.

मग यावर काहीच उपाय नाही का? आहे. २००७ साली नॉर्वेच्या पुढाकारानं काही देश ऑस्लोला जमले आणि या बॉम्बवर बंदी आणायचं ठरलं. मे २००८ मध्ये डब्लिनला कराराचा मसुदा मंजूर झाला. आता जास्तीत जास्त देशांच्या सह्या हव्या होत्या. तेव्हा लाओसनं काय केलं? ऑक्टोबर २००८ मध्ये आग्नेय आशियातल्या देशांच्या प्रतिनिधींना परिषदेसाठी थेट या सियांग ख्वांगमध्येच बोलावलं! गार हवेच्या सभागृहात बसून बोलणं वेगळं आणि बॉम्बींनी भरलेल्या मुलखात येऊन बोलणं वेगळं.

३ डिसेंबर २००८ रोजी ऑस्लोला सह्या सुरू झाल्या. लाओसनं पहिल्याच दिवशी सही केली. पुढे २००९ मध्ये बालीला शेजारी देश पुन्हा बसले. १ ऑगस्ट २०१० पासून करार लागू झाला आणि सदस्य देशांची पहिली बैठक त्याच वर्षी नोव्हेंबरात व्हिएन्तियानला भरली. हे बॉम्ब वापरायचे नाहीत, बनवायचे नाहीत, साठवायचे नाहीत, जमिनी साफ करायच्या आणि जखमींना मदत करायची, असा हा करार.

“मग सगळ्यांनी सही केली?” भाच्यानं परतताना विचारलं.

नाही रे राजा. शंभराहून जास्त देश आत आले. फिलिपिन्सनं सही पहिल्याच दिवशी केली, पण पक्की मान्यता द्यायला त्यांना २०१९ साल उजाडलं. कंबोडियाची जमीनही अशाच बॉम्बनी भरलेली, तरी तो बाहेरच. अमेरिका, रशिया, चीन बाहेर, आणि आपला भारतही. संरक्षणासाठी हे शस्त्र हाताशी असावं, असं अनेक देशांना वाटतं. २०२५ मध्ये तर लिथुआनिया करारातून बाहेर पडला. म्हणजे समजावण्याचं काम अजून संपलेलं नाही. साफसफाईचंही नाही. लाओसला त्यासाठी मुदत वाढवून घ्यावी लागली. तिथं साफसफाईच्या पथकांत बायकाही आहेत. यंत्र हातात धरून त्या वीत-वीत जमीन तपासतात.

सुट्टी संपली, शाळा सुरू झाली. मधल्या सुट्टीत आमच्या पोरांचा टेनिस बॉल कुंपणाजवळच्या गवतात गेला आणि चौघं खाली न बघता सुसाट धावली. रोज मी ओरडते, “अरे, गवतात काटे असतील!” त्या दिवशी नाही ओरडले. गवतात फक्त काटेच होते ना!

मुलांनो, आज घरी नकाशात लाओस शोधा. आणि आईबाबांना विचारा, एवढं सगळं कळल्यावरही काही देश सही का करत नाहीत? काय उत्तर मिळालं, ते मलाही सांगा.