ठेवणे आणि टाकणे

इंग्रजी फ्रेजल व्हर्बचा अर्थ त्यातील शब्दांच्या बेरजेतून निघत नाही, हे आपण विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. ‘ले ऑफ’ हे त्याचे बोलके उदाहरण. ‘ले’ म्हणजे ठेवणे, ‘ऑफ’ म्हणजे दूर. पण किती दूर आणि किती काळ, हे ते क्रियापद सांगत नाही.

भोसरी-चाकणच्या पट्ट्यात हा शब्द नाम होऊन मराठीत रुळला आहे. ‘वडिलांना ले-ऑफ दिलाय,’ असे एका विद्यार्थिनीने वर्गात सांगितले, तेव्हा शेजारच्या मुलाने विचारले, ‘मग दुसरीकडे बघतायत का?’ त्याचा भाऊ हिंजवडीच्या संगणक-कंपनीत. त्या घरी या शब्दाचा अर्थ ‘नोकरी गेली’ एवढाच. तिच्या घरी मात्र कारखान्याच्या बोलावण्याची वाट पाहणे चालू होते.

कायद्याला धरून पाहिले तर अर्थ तिचाच खरा. 1947च्या औद्योगिक विवाद कायद्यात 1953 साली ‘ले-ऑफ’ची व्याख्या आली. कोळसा, वीज, कच्चा माल यांची टंचाई, साचलेला माल, बिघडलेले यंत्र अशा कारणांनी मालक काम देऊ शकत नाही, तरीही कामगाराचे नाव हजेरीपटावर राहते. वर्षभर सलग नोकरी झालेल्या, बदली वा हंगामी नसलेल्या पात्र कामगाराला मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या निम्मी भरपाई मिळते. कायमच्या कपातीसाठी ‘रिट्रेंचमेंट’ हा वेगळा शब्द आहे. 2020च्या औद्योगिक संबंध संहितेनेही हा भेद राखला. अमेरिकी वापरातून आणि वृत्तपत्रांतून मात्र ‘ले-ऑफ’ हे कायमच्या कपातीचेच सौम्य नाव होऊन बसले आहे.

इंग्रजीत पुसला गेलेला हा भेद मराठीची संयुक्त क्रियापदे सहज दाखवतात. कामगाराला ‘बसवून ठेवले’ आणि ‘काढून टाकले’ यांत ‘ठेवणे’ व ‘टाकणे’ ही सहायक क्रियापदे आहेत. त्यांचा मूळ अर्थ फिका झाला, तरी गेलेला नाही: ठेवलेले पुन्हा उचलायचे असते, टाकलेले नसते. व्याकरणाच्या तासाला ज्यांना आपण दुय्यम मानतो, तीच क्रियापदे येथे वाक्याचा सारा भार वाहतात.

हा प्रश्न केवळ शब्दार्थाचा नाही. ले-ऑफ म्हणजे नोकरी गेली, असे ज्या घराने मानले, ते घर निम्म्या वेतनाचा हक्क मागायला जाणार नाही. म्हणून हे फ्रेजल व्हर्ब मी मराठीच्या तासालाही शिकवतो.