नोराची 16 जून

डब्लिन, 15 जून

ती. ताईस,


सुखरूप पोचले. पाऊस आहे, पण आपल्यासारखा कोसळत नाही, नुसता अंगाला चिकटून बसतो. भाऊजींना सांग, उद्याच्या ब्लूम्सडेची इथे जय्यत तयारी आहे. जिकडेतिकडे गोल चष्मा नि गवती टोपी. 'युलिसिस'मधला ब्लूम सकाळी मूत्रपिंड तळून खातो, म्हणून उद्या ही मंडळीही खाणार. मी टोस्टवर भागवीन.

पण मी आज गेले ती एक भिंत बघायला. ट्रिनिटी कॉलेजजवळ लेन्स्टर स्ट्रीटवर लाल विटांची इमारत आहे. तिच्या आडभिंतीवर 'फिन्स हॉटेल' ही जुनी अक्षरं अजून वाचता येतात. 1904 साली नोरा बार्नेकल इथे खोल्या आवरायची, चादरी बदलायची. वय वीस. 10 जूनला नसाऊ स्ट्रीटवर बावीस वर्षांच्या एका कफल्लक पोराने तिला थांबवून बोलतं केलं. तो जेम्स जॉइस. 14 तारखेला मेरियन स्क्वेअरच्या कोपऱ्यावर भेटायचं ठरलं, आणि ही गेलीच नाही! त्याने चिठ्ठी पाठवून पुन्हा गळ घातली, तेव्हा 16 तारखेच्या संध्याकाळी दोघं रिंग्जएंडकडे फिरायला गेली. पुढे त्याने आख्खं 'युलिसिस' त्या एका तारखेवर रचलं. सण ब्लूमच्या नावाने चालतो, दिवस नोराचा. भाऊजींच्या जॉइसवरच्या व्याख्यानात ही भिंत कधी आल्याचं मला आठवत नाही. तुला आठवतं का?

गॉलवे, 18 जून

ती. ताईस,

डब्लिनहून रेल्वेने अडीच तासांत देशाच्या दुसऱ्या किनाऱ्यावर आले. बोलिंग ग्रीन नावाच्या बोळात नोराच्या आईचं घर आहे. खाली एक खोली, वर एक. दाराशी पाटी आहे, ती वाचली आणि काचेला नाक लावून आत डोकावले. बाप पाव भाजणारा, आई शिवणकाम करणारी. नोराचा जन्म 1884 च्या मार्चमध्ये इथल्या वर्कहाउसमध्ये, म्हणजे गोरगरिबांच्या सरकारी आश्रयस्थानात झाला आणि लहानपणीच तिला आजीकडे ठेवलं गेलं. ताई, आपल्याकडे बाळंतपणाच्या धांदलीत एखादं पोर आजोळी जायचं आणि तिथलंच होऊन राहायचं, अगदी तसंच.

तिचा एक मित्र, मायकेल बॉडकिन, ऐन विशीत क्षयाने गेला. गावाबाहेरच्या 'राहून' नावाच्या दफनभूमीत त्याचं थडगं आहे. जॉइसच्या 'द डेड' या कथेतला, प्रेमापायी भिजून मेलेला मुलगा यातूनच आला. आधी नोराची आठवण, मग जगातली एक श्रेष्ठ कथा. हा क्रम कुणी उलटा करू नये.

पुढे एका प्रोटेस्टंट मुलाबरोबर फिरते म्हणून मामाने तिला काठीने मारलं. तिने घर सोडलं, डब्लिन गाठलं आणि ते हॉटेल पकडलं. म्हणजे जॉइस भेटण्याआधीच ही मुलगी एकदा पळालेली होती. तिला कुणी पळवून नेलं, असं ज्यांना वाटतं त्यांनी ही काठी लक्षात ठेवावी.

बार्नेकल म्हणजे खडकाला नि होडीच्या तळाला घट्ट चिकटून राहणारा कवचाचा जीव. आडनाव ऐकल्याबरोबर जॉइसचे वडील म्हणाले होते, मग ही काही त्याला सोडायची नाही!

ट्रिएस्ट, 24 जून

ती. ताईस,

आज चिडून लिहिते आहे. स्टेशनसमोरच्या बागेत बसले आहे. 1904 च्या ऑक्टोबरमध्ये दोघं लग्नाशिवाय आयर्लंडमधून निघाली. बंदरावर निरोप द्यायला आलेल्या जॉइसच्या वडिलांना नोरा बरोबर आहे याचा पत्ता लागू नये, म्हणून बोटीवर वेगवेगळी चढली. झुरिचला ठरलेली नोकरी नव्हतीच. मग इथे आली. बायकोला (तेव्हा बायकोही नव्हे) याच बागेत बसवून हा खोली शोधायला गेला, दारुड्या खलाशांच्या भांडणात पडला आणि थेट कोठडीत! ती बसून राहिली. इटालियनचा एक शब्द येत नाही, पैसे नाहीत, हातात अंगठी नाही.

पुतळा जॉइसचा आहे, इथून जवळच, कालव्यावरच्या पुलावर. या बागेत तिची आठवण म्हणून एक बाकही मला दिसलं नाही.

जॉर्जिओ आणि लुचिया ही मुलं इथेच झाली. भाडं थकायचं, घरं बदलायची. हळूहळू इथली बोली तिच्या तोंडी इतकी बसली की घरात पुढेही तीच चालू राहिली. पंडितांचा आक्षेप एकच: तिने 'युलिसिस' वाचलं नाही. ताई, खरं सांग, भाऊजींच्या किती विद्यार्थ्यांनी शेवटपर्यंत वाचलंय? नोराच्या पत्रांत पूर्णविराम नसायचे, वाक्यं एकात एक ओघळायची. 'युलिसिस'चं शेवटचं प्रकरण, ब्लूमच्या बायकोचं, मॉलीचं, तसंच जवळजवळ बिनविरामांचं वाहतं. 'फिनेगन्स वेक' या नंतरच्या पुस्तकाचं नाव जॉइसने वर्षानुवर्षं लपवलं, सांगितलं ते एकट्या नोराला. तिने ते फोडलं नाही.

1909 मध्ये तो डब्लिनला आणि ती इथे असताना दोघांनी एकमेकांना फार उघडी पत्रं लिहिली. त्याचं एक पत्र 2004 साली लंडनच्या लिलावात 2,40,800 पौंडांना गेलं. तिची उत्तरं उरली नाहीत. आपल्याकडे लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे' लिहिलं, सुनीताबाईंनी 'आहे मनोहर तरी' लिहिलं. नवऱ्यांना आपण त्यांच्याही नजरेतून पाहिलं. नोराने पुस्तक लिहिलं नाही. तिचं सविस्तर चरित्र ब्रेंडा मॅडॉक्स यांनी लिहिलं तेही 1988 मध्ये.

झुरिच, 29 जून

ती. ताईस,

6 नंबरच्या ट्रामने शेवटपर्यंत गेलं की प्राणिसंग्रहालय, आणि त्याला लागून फ्लुंटर्नची दफनभूमी. नोरा आणि जॉइस इथेच विसावलेत. दोघांनी लग्न नोंदवलं ते 4 जुलै 1931 ला, लंडनमध्ये, म्हणजे सत्तावीस वर्षांनी. 1940 च्या डिसेंबरात युद्धामुळे दोघं फ्रान्समधून इथे आली, आणि 13 जानेवारी 1941 ला तो गेला. धर्मविधी करू का, असं पाद्र्याने विचारलं, तर तिने नाही म्हटलं. त्याच्याशी आपण असं वागू शकत नाही, हे तिचं कारण. पाहुण्यांना ती थडग्यावर आणायची आणि सांगायची, त्याला सिंह आवडायचे, इथे त्यांची डरकाळी त्याला ऐकू येत असेल. मी अर्धा तास थांबले. सिंह गप्प होते.

10 एप्रिल 1951 ला ती वारली तेव्हा त्याच्या शेजारी जागा नव्हती. तिला वेगळीकडे पुरलं. 1966 साली दोघांना एका थडग्यात आणलं. वर पुतळा आहे तो एकट्या त्याचा, पायावर पाय टाकून बसलेला. तिचं नाव खाली दगडावर.

परवा निघते. भाऊजींच्या जॉइसवरच्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघते आहे ना? सगळं हस्तलिखित तू दोनदा टाइप केलंस, आणि प्रस्तावनेत 'घरच्यांचे आभार' एवढंच आहे. या वेळी तुझं नाव घालायला लाव. नुसतं 'सौ.' नको, पूर्ण नाव.

तुझी,
धाकटी