काळ्या चौकटीमागचे धवले

आगरी लग्नात धवले, म्हणजे विधींची गाणी, गाणाऱ्या धवलारणीच्या गाण्यावर विधी पुढे सरकतात. हळदीचा धवला वेगळा, मांडवाचा वेगळा. बहुतेक धवले कागदावर उतरलेलेच नाहीत. एकीच्या तोंडून दुसरीने उचललेले. घणसोली गावात आणि आजूबाजूच्या लग्नांत कुणी ना कुणी केलेलं चित्रण इंटरनेटवर चढवलेलं असे. ते शोधून २००९पासून मी एका वेबसाइटवर एकत्र लावत आलो.

२०२१च्या सुरुवातीला भाचीचा फोन आला, "मामा, हलदीचा येकपन गाना दिसत नाय, निस्ता काला डबा."

पाहिलं तर बरेच व्हिडिओ गेलेले, काही मात्र चालू. म्हणजे कारण एकच नव्हतं. प्रत्येक व्हिडिओ त्याच्या मूळ जागी उघडून पाहिला, मग दुसऱ्या ब्राउझरमध्ये, मग वायफाय बंद करून मोबाइल डेटावर. त्यातून तीन गट पडले.

पहिल्या गटातले व्हिडिओ पानावर जोडणारे कोड फ्लॅश या जुन्या तंत्राच्या काळातले होते. फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२०ला संपला आणि १२ जानेवारीपासून त्यातला मजकूर चालणंच थांबलं. व्हिडिओ मूळ जागी शाबूत होते. तिथल्या 'शेअर'मधून आयफ्रेमचा नवा कोड घेऊन जुन्याच्या जागी टाकला आणि हळद पुन्हा गाऊ लागली.

दुसऱ्या गटात आमची साइट 'एचटीटीपीएस'वर गेली होती, पण व्हिडिओंचे पत्ते 'एचटीटीपी'नेच सुरू होत होते. सुरक्षित पानात असुरक्षित चौकट ब्राउझर येऊ देत नाही. पत्त्यात एक 'एस' वाढवला, काम झालं.

तिसऱ्या गटापुढे मात्र कोडचा इलाज चालेना. कुणी व्हिडिओ खाजगी केलेला, कुणी खातंच मिटवलेलं. नव्या पोरींनी टिकटॉकवर टाकलेले धवले २९ जून २०२०च्या बंदीनंतर इथे उघडेनात.

तेव्हा मला पुरतं उमगलं, की पानावर जोडलेला व्हिडिओ पानात नसतोच. तिथे असतो फक्त त्याचा पत्ता. घरमालकाने दार लावलं, की पत्ता हातात असून उपयोग नाही.

मग आम्ही माणसांकडे वळलो. लग्नाच्या डीव्हीडी, जुन्या फोनमधली मेमरी कार्डं, व्हिडिओ काढणाऱ्यांच्या हार्ड डिस्क. त्यातून हरवलेल्यांपैकी बरेच धवले परत मिळाले. आता मूळ फाइल दोन वेगळ्या घरांत ठेवतो. धवलारणीला विचारून गाण्याचे शब्द, तिचं नाव, गाव आणि लग्नाचं साल लिहून घेतो. वेबसाइटवरची चौकट त्यानंतर येते.

तळवली, गोठिवली, कोपरखैरणे, प्रत्येक गावात अशा डीव्हीडी माळ्यावर पडून आहेत आणि त्या खराब होत चालल्यात. गाणारी म्हातारी समोर आहे तोवर त्या उतरवून घ्या. न समजलेला शब्द तीच सांगू शकते.