सई, गेल्सबर्गला जाते आहेस म्हणून

चि. सई,

गेल्सबर्गची नोकरी तू घेतलीस, हे तुझ्या आईनं फोनवर सांगितलं. शिकागो सोडून तीस हजार वस्तीच्या गावात जायचं म्हणून तू खट्टू झाली आहेस, हेही तिच्याकडूनच कळलं. आजूबाजूला मैलोन् मैल मका आणि सोयाबीन, रात्री लवकर सामसूम होणारे रस्ते आणि मालगाड्यांचे भोंगे, हे तू ऐकलंस ते सगळं खरं आहे. तरी माझ्या संसारातली चांगली वर्षं त्या गावात गेली आणि त्या गावावर माझा जीव आहे. म्हणून त्याची हकिगत सविस्तर लिहिते आहे. गावाच्या पोटात काय काय दडलंय ते ठाऊक असलं, की तिथली माणसं लवकर उमगतात.

सुरुवात जमिनीपासून करते. पश्चिम इलिनॉयचा हा भाग म्हणजे पुरुषभर उंच गवताचा सपाट माळ होता. खाली काळीभोर माती आणि तीत गवताच्या मुळांचं असं घट्ट जाळं, की पूर्वेकडून आणलेले नांगर चालेनात; माती फाळाला चिकटून बसे. याच राज्यात, ग्रँड डिटूर इथं, जॉन डीअर नावाच्या लोहारानं १८३७ मध्ये पोलादी फाळाचा नांगर केला आणि माळ हळूहळू शेतीखाली आला. पण तो माळ बेवारस नव्हता. सॉक, मेस्क्वाकी, पोटावाटोमी या मूळ रहिवासी लोकांचा तो मुलूख. १८३२ च्या ब्लॅक हॉक युद्धात सॉक आणि मेस्क्वाकींचा पाडाव झाला, त्यांना मिसिसिपीपलीकडे जावं लागलं आणि त्यानंतर चारच वर्षांनी गेल्सबर्गचे संस्थापक इथं येऊन थडकले. गावाचा गौरव सांगताना हे पान बहुतेक जण उलटून पुढं जातात. तू ते आधी वाच.

येणारे लोक न्यूयॉर्क राज्यातले. त्यांचा पुढारी जॉर्ज वॉशिंग्टन गेल हा प्रेस्बिटेरियन पाद्री. गरिबांच्या मुलांनी अंगमेहनत करून आपल्या शिक्षणाचा खर्च भागवावा, हा त्याचा ध्यास होता आणि न्यूयॉर्कमध्ये त्यानं तशी संस्था चालवूनही दाखवली होती. पश्चिमेत त्याला कॉलेज काढायचं होतं, पण पैसा नव्हता. त्यानं हिशेब मांडला तो असा: समविचारी कुटुंबांनी वर्गणी काढून सरकारी भावानं, एकराला सव्वा डॉलर देऊन, हजारो एकर जमीन एकदम घ्यायची, ती वसाहतीला येणाऱ्यांना चढ्या भावानं विकायची, आणि वरचा नफा कॉलेजला द्यायचा. म्हणजे गाव वसलं ते कॉलेजसाठी! बाजार, नदी, खाण, किल्ला यांच्या आधारानं वसलेली गावं आपण पुष्कळ पाहतो. शाळा काढायची म्हणून गाव वसवणारी माणसं मला फार मोठी वाटतात.

ती वाट सोपी नव्हती. कालव्यातून आणि नद्यांतून नावेनं निघालेल्या एका तुकडीला प्रवासात तापानं गाठलं आणि काही कर्ते पुरुष दगावले. माळावर लाकूड नाही, म्हणून पहिला हिवाळा लोकांनी थोडं उत्तरेला, झाडीच्या कडेला, ओंडक्यांच्या खोपटांत काढला. त्या वस्तीला लॉग सिटी म्हणत. फेब्रुवारी १८३७ मध्ये राज्याकडून कॉलेजला सनद मिळाली. नाव ठेवलं नॉक्स मॅन्युअल लेबर कॉलेज. १८५७ पासून ते नुसतं नॉक्स कॉलेज झालं. त्याच १८३७ मध्ये गावात गुलामगिरीविरोधी सभाही स्थापन झाली. गावाला धड रस्ते नव्हते, पण मत पक्कं होतं.

त्या मताची कसोटी पुढं लवकरच लागली. इलिनॉय नावाला गुलामगिरीमुक्त राज्य होतं. पण दक्षिण भागात कराराच्या आडून काळ्या माणसांना वेठीला धरलं जाई. १८४२ मध्ये रँडॉल्फ काउंटीतल्या बॉर्डर्स नावाच्या मालकाकडून सुझन रिचर्डसन ही बाई मुलांना घेऊन पळाली. गेल्सबर्गपासून पाच मैलांवरच्या नॉक्सव्हिलमध्ये तिला अडवून कोठडीत टाकलं. स्वतंत्र असल्याचे कागद तिच्यापाशी नव्हते. पुढं बॉर्डर्स आला आणि तिची मुलं घेऊन गेला. ती स्वतः हितचिंतकांच्या मदतीनं निसटली आणि गेल्सबर्गला आली. मुलं मात्र गेली. ही बाई पुढं कॅनडाला गेली नाही. ती याच गावात राहिली, ‘आँट सूकी’ म्हणून सगळे तिला ओळखू लागले आणि काळ्या लोकांच्या ॲलन चॅपल या चर्चची सुरुवात तिच्या घरात झाली. गावाचे संस्थापक म्हणून आपण पाद्र्यांची नावं घेतो. माझ्या लेखी आँट सूकीही संस्थापकच.

आपल्याकडे महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेत गुलामांची सुटका करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केलं, हे तू शाळेत शिकली आहेस. ते लोक म्हणजे कोण, हे मला गेल्सबर्गमध्ये कळलं. पळून आलेल्या माणसाला आसरा देणारे शेतकरी, दुकानदार, मास्तर आणि त्यांच्या बायका. पुण्यातल्या एका माणसानं सातासमुद्रापलीकडून ज्यांना नमस्कार केला, त्यांच्या अंगणातून तू रोज जाशील.

१८५४ च्या डिसेंबरात रेल्वे आली. ती आपोआप आली नाही. काउंटीचं मुख्य ठिकाण नॉक्सव्हिल होतं आणि लोहमार्ग तिकडून जाण्याची चिन्हं होती. चॉन्सी कोल्टन, सायलस विलार्ड यांच्यासारख्या गेल्सबर्गच्या व्यापाऱ्यांनी खटपट करून, बोस्टनच्या भांडवलदारांशी संधान बांधून ती आपल्याकडे वळवली. तोच पुढचा शिकागो, बर्लिंग्टन अँड क्विन्सी रेल्वेमार्ग. १८७३ मध्ये काउंटीचं मुख्य ठिकाणही गेल्सबर्गकडे आलं.

रेल्वे होती म्हणून ७ ऑक्टोबर १८५८ ला हजारो माणसं गावात लोटली. अब्राहम लिंकन आणि स्टीफन डग्लस यांच्या सात जाहीर वादसभांपैकी पाचवी इथं झाली, नॉक्स कॉलेजच्या ओल्ड मेन या इमारतीपाशी. थंडी होती, बोचरा वारा सुटला होता. वाऱ्यापासून आडोसा म्हणून व्यासपीठ इमारतीला इतकं भिडवलं होतं, की दार अडलं आणि दोघांना खिडकीतून बाहेर यावं लागलं. जेमतेम वर्षभर शाळा शिकलेला लिंकन त्या वेळी म्हणाला म्हणतात, की अखेर मीही कॉलेजातून बाहेर पडलो. गुलामगिरी हा नीतीचाच प्रश्न आहे, ती अन्याय आहे, हे त्यानं त्या दिवशी ठामपणे मांडलं. श्रोते कोण होते हे लक्षात घे: वीस वर्षं ही गोष्ट बोलत आणि आचरत आलेलं गाव त्याच्या पुढ्यात बसलं होतं. सिनेटच्या ज्या जागेसाठी हे वाद चालले होते, ती त्याला मिळाली नाही. १८६० मध्ये नॉक्सनं त्याला सन्मान्य पदवी दिली आणि त्याच वर्षी तो राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आला. ती इमारत आजही उभी आहे. आत जाऊन ये.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. राज्याच्या दक्षिण टोकाला, कैरो इथल्या छावणीत गावची पोरं घाणीत आणि रोगराईत मरताहेत, असं एका डॉक्टरचं पत्र आलं. पाद्री एडवर्ड बीचर यांनी ते चर्चमध्ये वाचून दाखवलं. हे हॅरिएट बीचर स्टोव या प्रसिद्ध लेखिकेचे भाऊ. मंडळींनी तिथल्या तिथं औषधं, कपडे, अन्न यांची तजवीज केली. पण घेऊन कोण जाणार? मेरी अ‍ॅन बिकरडाइक ही विधवा बाई जडीबुटीची औषधं देऊन घर चालवायची. तिला पाठवायचं ठरलं. ती सामान पोचवून परतली नाही. युद्ध संपेपर्यंत छावण्यांत राहिली. इस्पितळं धुऊन काढली, जखमींना अंघोळी घातल्या, कपडे उकळले, कामचुकार अधिकाऱ्यांना धारेवर धरलं. शिपाई तिला ‘मदर’ म्हणत. कोर्टाच्या आवारात तिचा पुतळा आहे: जखमी शिपायाचं डोकं हातावर पेलून त्याला पाणी पाजणारी बाई. घोड्यावरचा सेनापती नाही. त्या गावाची परीक्षा त्या एका पुतळ्यावरून करता येते.

पण सई, गावाचं तत्त्व आणि गावाची रोजची वागणूक यांत अंतर होतं, तेही सांगायलाच हवं. रेल्वेच्या कारखान्यांत राबायला स्वीडनहून माणसं आली. काही थेट आली, काही उत्तरेकडच्या बिशप हिल या १८४६ मध्ये वसलेल्या स्वीडिश धार्मिक वसाहतीतून. त्यांचं ‘हेमलांडेट’ हे स्वीडिश वर्तमानपत्र १८५५ मध्ये हासेलक्विस्ट या पाळकानं गेल्सबर्गमधूनच सुरू केलं. परक्या मुलखात आपल्या भाषेचं छापील पान हातात पडणं म्हणजे काय, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. गावानं त्यांना काम दिलं. पण कॉलेजच्या दिवाणखान्यात त्यांना खुर्ची नव्हती.

त्यांच्यापैकी एक ऑगस्ट सँडबर्ग. रेल्वेच्या लोहारखात्यात दिवसाचे दहा तास मदतनीस. त्याचा मुलगा कार्ल १८७८ मध्ये ईस्ट थर्ड स्ट्रीटवरच्या तीन खोल्यांच्या घरात जन्मला. आठवीनंतर शाळा सुटली आणि तो घरोघर दूध घालू लागला. नॉक्सच्या आवारातून जाताना ओल्ड मेनच्या भिंतीवरची लिंकनची वचनं तो उभा राहून वाचायचा. ज्या कॉलेजात तो शिकला नाही, त्याच्या भिंतीनं त्याला शिकवलं. पुढं गावातल्याच लोंबार्ड कॉलेजनं त्याला प्रवेश दिला. तिथले प्राध्यापक फिलिप ग्रीन राइट यांनी घरच्या तळघरातल्या छापयंत्रावर त्याची पहिली पुस्तिका छापली. हाच मुलगा अमेरिकेचा मोठा कवी झाला, लिंकनचा चरित्रकार झाला आणि त्या चरित्राला १९४० मध्ये पुलित्झर मिळालं. १९६७ मध्ये तो गेल्यावर त्याची रक्षा त्या तीन खोल्यांच्या घरामागं ठेवली. ते घर बघायला जाशील तेव्हा किती लहान आहे ते डोळ्यांनी मोज. 

आपल्या जत्रेतल्या आकाशपाळण्याचा सर्वांत प्रसिद्ध अवतार, १८९३ च्या शिकागो प्रदर्शनातलं ते प्रचंड चक्र, ज्यानं उभारलं तो फेरिसही गेल्सबर्गमध्येच जन्मलेला. त्याचं नावच संस्थापकावरून ठेवलं होतं: जॉर्ज वॉशिंग्टन गेल फेरिस.

आमच्या घरापुढचा रस्ता विटांचा होता. तुझ्याही असेल. गावाच्या पूर्वेला, ईस्ट गेल्सबर्गमध्ये, फरसबंदीच्या विटा भाजण्याचा मोठा कारखाना होता. प्रत्येक विटेच्या अंगावर ‘प्युरिंग्टन पेव्हर्स’ असा ठसा. रंग काळपट तांबडा, वजन असं की एका हातात वीट धरली तर मनगट भरून येतं. हिवाळ्यात बर्फानं जमीन फुगते, झाडांची मुळं रस्ता उचलतात. मग माणसं गुडघ्यांवर बसून विटा काढतात, खालची वाळू सारखी करतात आणि त्याच विटा पुन्हा बसवतात. मालगाड्यांच्या भोंग्यांखेरीज आणखी एक आवाज तुला रेल्वेच्या यार्डातून ऐकू येईल. तिथं इंजिन मालडबे एका उंचवट्यावर ढकलतं, माथ्यावर डबा सुटा होतो, स्वतःच्या वजनानं उतारावरून घरंगळत ठरल्या रुळावर जातो आणि पुढच्या डब्याला भिडतो. नव्या माणसाची त्या धडाक्यानं झोप उडते. जुन्या माणसाला तो ऐकू आला नाही तर चैन पडत नाही.

आता गावाची अलीकडची जखम. मेटॅग कंपनीचा रेफ्रिजरेटरचा कारखाना हा गावचा मोठा आधार होता. नवरा-बायको, बाप-लेक असे एकाच कारखान्यात नोकरी केलेले लोक तुला जागोजाग भेटतील. ऑक्टोबर २००२ मध्ये तो बंद करण्याची घोषणा झाली आणि सप्टेंबर २००४ मध्ये तो बंद पडला. सुमारे १६०० माणसांचं काम गेलं. उत्पादन मेक्सिकोतल्या रेनोसा इथं हलवलं. त्याच उन्हाळ्यात बराक ओबामांनी डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात या कामगारांचा उल्लेख केला आणि गावाचं नाव देशभर गेलं. नाव झालं म्हणून पगार परत आला नाही. पन्नाशीतली माणसं पुन्हा वर्गात बाकावर बसली, काहींनी कमी पगारावर मिळेल ते काम धरलं, तरुण मुलं गाव सोडून गेली. १८९३ पासूनचं एक जुनं रुग्णालयही २०२२ मध्ये बंद झालं. कुणी या विषयावर कडवट बोललं, तर वाद घालू नकोस. ऐकून घे. रेनोसात ते काम करायला आलेल्या माणसांनाही सुखाचे दिवस आले नाहीत, हेही मनात असू दे.

हे सगळं सांगण्यामागं माझं एकच म्हणणं आहे. गेल्सबर्ग मोठं झालं ते लिंकन येऊन गेला म्हणून नाही, आणि रेल्वे आली म्हणून नाही. परक्या माणसाला आपलं म्हणून दार उघडायचं की नाही, हा प्रश्न त्या गावापुढं दर पिढीत आला. सॉक लोकांच्या वेळी गाव वसलंही नव्हतं, पण त्या मुलखात येणाऱ्यांचं उत्तर चुकलं. आँट सूकीच्या वेळी बरोबर आलं. स्वीडिश मजुराच्या पोराच्या वेळी उशिरा का होईना, आलं. आणि मेटॅगच्या वेळी दार गावाच्या हातात राहिलंच नव्हतं. ते दूरवरच्या कचेरीत बंद झालं. आता नव्यानं येणाऱ्यांत तू आहेस, आणि तुझ्यानंतर येणाऱ्यांसाठी दाराशी उभं राहण्याची पाळीही तुझ्यावर येणार आहे.

तेव्हा दर शनिवार-रविवार शिकागोची गाडी पकडू नकोस. ती अडीच-तीन तासांत पोचवते, म्हणून मोह होईल. पहिल्याच आठवड्यात सार्वजनिक ग्रंथालयात नाव नोंदव. १९५८ मध्ये ते ग्रंथालय जळालं होतं आणि गावानं ते पुन्हा उभं केलं. महिन्यातून एकदा नगर कौन्सिलच्या सभेला जाऊन मागच्या खुर्चीत बस. कोणता रस्ता दुरुस्त होणार, कुठला पैसा कुठं जाणार, ते ऐक. शेजारच्या आजोबांनी रेल्वेत किंवा मेटॅगमध्ये काढलेल्या वर्षांबद्दल विचार आणि घरी केलेली पुरणपोळी त्यांच्याकडे पोचव. मत विचारलं तर मत दे, काम पडलं तर काम कर. गाव आपलं व्हायची वाट बघू नकोस. तू आधी गावाची हो.

तुझी,
सुमाआत्या