वाईट पत्त्यांचा वेळ

जुगारी म्हटला की तारवटलेले डोळे, विस्कटलेले केस आणि धर्मराजाची शेवटची पैज एवढेच आम्हांस सुचत असे. आमच्या भाच्याने हे चित्र पार पुसून टाकले. हा गणिताचा पदवीधर चांगली नोकरी सोडून लास वेगासला ब्लॅकजॅक खेळू लागला, आणि त्याला चार शब्द सांगावेत म्हणून आमच्या भगिनीने आम्हांस तिकडे पिटाळले.

जाऊन पाहतो तो स्वारी खेळतच नव्हती! टेबलामागे नुसती उभी होती. ‘मामा, अजून वेळ आली नाही,’ एवढेच त्याने सांगितले.

वाटून झालेल्या पत्त्यांचा हिशेब ठेवणाऱ्यास या खेळात जिंकता येते, हे एडवर्ड थॉर्प या गणितज्ञाने १९६२ साली ग्रंथ लिहून जगजाहीर केले. आजची रूढ रीत अगदी सोपी आहे. पुष्कळ ठिकाणी सहा जोड, म्हणजे ३१२ पत्ते, पिसून एका पेटीत घालतात. दुर्री ते छक्कीपैकी पान पडले की मनात एक मिळवावा. दश्शी, चित्र वा एक्का पडला की एक वजा करावा. सत्ती, अठ्ठी, नव्वी सोडून द्यावी. आलेल्या बेरजेला उरलेल्या जोडांनी भागावे. उत्तर मोठे आले की पेटीत मोठी पाने उरली असे समजावे. मग पारडे खेळणाऱ्याकडे झुकते. तेही किती? शेकडा एक-दीड! पुष्कळ पेट्या तर ही वेळ न येताच संपतात.

मग तोवर करावे काय? कधी लहानशी रक्कम लावून पत्ते वाटणाऱ्याशी हवापाण्याच्या गप्पा माराव्यात, कधी दुसऱ्या टेबलाकडे फेरी मारावी. मद्य फुकट मिळते, पण बेरीज चुकेल म्हणून सोडा घोटघोट प्यावा. आणि आपण वाट पाहत आहो हे कोणास दिसू देऊ नये. मनातल्या मनात मोजणे हा गुन्हा नव्हे. तरी संशय आला की तेथले मालक दरवाजा दाखवितात.

पेटी फारच बिघडली की आमचा भाचा बाहेर जाऊन आईला फोन करतो. उन्हाळ्यात तिकडे रात्रीचे अकरा म्हणजे पुण्यात सकाळचे साडेअकरा. भगिनी गॅस बंद करून बोलावयास बसते. ‘आई, मागून बोलतो,’ हे त्याचे वाक्य नेहमी मध्येच का येते, ते आम्हांस तेथे उमगले. आत नवे पत्ते पिसून होत आलेले असत.

चार शब्द सांगावयाचे राहूनच गेले. परत आल्यावर भगिनी म्हणाली, ‘खेळाचे वेड सुटो न सुटो, पण वेळात वेळ काढून फोन करतो हो!’ आम्ही मान डोलावली. दुसरे काय करणार? मुंबईस नोकरीला असताना आईला पोस्टकार्ड लिहावयास आम्हांस सवड मिळे ती लोकल चुकली म्हणजे. दुसरी गाडी दिसताच ‘जास्त काय लिहिणे’ असे खरडून आम्ही कार्ड खिशात घालीत असू.

ती सारी कार्डे आईने तारेत ओवून जपून ठेवली होती.