नऊला सुरू, उजाडता संपणार

रायपूरच्या बुढापाऱ्यात जी सप्रे शाळा आहे, तिचं जुनं नाव लॉरी म्युनिसिपल स्कूल. पुढे तिला माधवराव सप्र्यांचं नाव मिळालं. दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत नेणारा हा मराठी माणूस रायपूरचाच म्हणायचा, त्यामुळे त्यात नवल काही नाही. पण मला त्या शाळेचं मैदान आठवतं ते वेगळ्याच कारणासाठी, आणि तेही ऐकून. कारण ती गोष्ट १९५८ सालची.

याच शाळेत शिकलेले नाटककार-दिग्दर्शक हबीब तनवीर त्या वर्षी घरच्यांना भेटायला आले होते. तोवर नागपूरचं मॉरिस कॉलेज, मुंबईची इप्टा, दिल्लीतलं 'आगरा बाजार', लंडनची नाट्यशाळा, ब्रेख्तची नाटकं बघायला बर्लिनपर्यंत केलेली पायपीट, असं सगळं करून झालं होतं. शाळेच्या मैदानावर रात्री नऊला नाचा, म्हणजे इथलं लोकनाट्य, आहे, असं त्यांच्या कानावर आलं. गेले, आणि रात्रभर तिथेच बसले. मदनलाल, ठाकूरराम, बाबूदास, भुलवाराम. कुणी चपराशाची नक्कल करतोय, कुणी साधूची. दुनियाभरचं नाटक बघून आलेला माणूस आपल्याच शाळेच्या मैदानावर हरखून गेला आणि त्यातल्या सहा जणांना 'मिट्टी की गाडी'साठी थेट दिल्लीला घेऊन गेला. शूद्रकाचं मृच्छकटिक छत्तीसगढी पायांनी चालायला लागलं ते तेव्हापासून.

ही गोष्ट रायपुरात हबीबसाहेबांची म्हणून सांगतात, आणि ते बरोबरच आहे. मला मात्र त्या रात्री आजूबाजूला बसलेल्या बाकीच्या लोकांचं कुतूहल वाटतं. त्यांच्यासाठी तो शोध वगैरे नव्हता. ते मांडी घालून बसले, हसले, मध्येच पेंगले, पुन्हा जागे झाले आणि उजाडल्यावर कामाला गेले. उद्या त्यांच्यातलाच एखादा चुना-काजळ लावून समोर उभा राहणार होता.

नाचा ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगायचं तर आपल्या तमाशाचा हा चुलतभाऊ. सोंगाड्याच्या जागी इथे जोक्कर, नाच्या पोऱ्याच्या जागी परी, आणि वगाच्या जागी गम्मत. भोसल्यांच्या फौजांबरोबर तमाशाचा वारा इकडे आला असं म्हणणारेही आहेत, असेल. राजनांदगावकडच्या रवेली गावच्या दाऊ मंदराजींनी गेल्या शतकात, विसाच्या दशकात, या सगळ्याला पार्टीचं रूप दिलं आणि त्यापायी घरची शेतीवाडी घालवली. पण माझ्या डोळ्यांसमोर येतो तो दिवाळीनंतरच्या मडईच्या जत्रेचा दिवस आणि खारून नदीपलीकडच्या एका गावातला नाचा. चार बांबू, वर एक कापड, तबला, हार्मोनियम, चिकारा. थंडी अशी की बायका घोंगड्या पांघरूनच आलेल्या. परी रंगपटातून थेट रंगमंचावर येत नाही. ती लांबून, अंधारातून, लोकांच्या मधून वाट काढत गात येते. डोक्यावर पितळी लोटा. पुढे सरकताना बसलेली माणसं गुडघे आवरून घेतात, पण तिच्या डोक्यावरचा लोटा हलत नाही. साडीखालच्या टाचा भेगाळलेल्या होत्या, दिवसभर धान कापणाऱ्या गड्याच्या असाव्यात तशाच. ते कुणाला खटकत नव्हतं. बालगंधर्वांच्या शालूवर पिढ्यान् पिढ्या भाळलेल्या आपल्या लोकांना हे निराळं सांगायला नको.

मग गम्मत सुरू झाली. सासू, सून आणि मधल्यामध्ये चेपलेला नवरा. माझ्या पुढे बसलेल्या म्हातारीला सुनेचं काही पटेना. ती उठून उभी राहिली आणि जोक्करला चांगलंच सुनावायला लागली. जोक्कर थांबला, कमरेवर हात ठेवून तिच्याकडे वळला आणि म्हणाला, "बइठ न दाई, तोरेच घर के गोठ करत हंव!" बस ना आई, तुझ्याच घरची गोष्ट सांगतोय. सगळं मैदान खदखदलं. म्हातारीही. पण ती बसली नाही. पुढची पाच मिनिटं गम्मत त्या दोघांचीच चालली होती आणि तबलजी मधूनमधून थाप देऊन म्हातारीच्या वाक्यांनाही दाद देत होता.

हबीबसाहेबांना ही मोकळीक स्टेजवर आणायला बरीच वर्षं लागली. ते स्वतःच सांगत, की गावच्या नटांना आपण खडी हिंदी बोलायला लावत होतो, इथून उठ, तिथे जा, असं शिकवत होतो; आणि गावात वाघ असणारी ही माणसं दिल्लीत बुजून जात होती. १९७३ साली त्यांनी रायपुरात महिनाभराचं नाचा शिबिर घेतलं. त्यातून 'गांव के नाव ससुरार, मोर नाव दमाद' निघालं, नट आपल्या बोलीत बोलायला लागले, आणि दोन वर्षांनी 'चरणदास चोर' आला. त्याच साली श्याम बेनेगलांनी मुलांसाठी केलेल्या 'चरणदास चोर' सिनेमात आपली स्मिता पाटील राजकन्या होती आणि चोर होता नाचातला लालूराम. १९८२ मध्ये एडिनबर्गच्या महोत्सवात या नाटकाला पारितोषिक मिळालं तेव्हा ते छत्तीसगढीतच होतं.

आमच्या घरी यातलं काही पोचलं नव्हतं, हेही कबूल केलं पाहिजे. तात्यापाऱ्यातल्या मराठी घरांना नाचा म्हणजे कामवालीच्या गावची गोष्ट वाटायची. आमची करमणूक चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळाच्या नाटकांत. पण तिथे तरी वेगळं काय होतं? बँकेत दिवसभर चलानं तपासणारे काका रात्री तालमीला येऊन खलनायक व्हायचे. अर्धी ओळखीची माणसं स्टेजवर, उरलेली अर्धी त्यांचे नातेवाईक म्हणून समोर. विंगेतल्या प्रॉम्प्टरचा आवाज तिसऱ्या रांगेपर्यंत स्वच्छ ऐकू यायचा, आणि नटाच्या आधी पहिल्या रांगेतली त्याची बायकोच वाक्य म्हणून मोकळी व्हायची. पुण्या-मुंबईहून व्यावसायिक नाटक आलं की आम्ही इस्त्रीचे कपडे घालून शिस्तीत बसायचो, टाळ्या जागच्या जागी वाजवायचो. मजा यायची, पण दुसऱ्या दिवशी ओट्यावर चर्चा रंगायची ती काकांच्या निसटलेल्या मिशीची.

टॉकीजचा काळ मी इथे लांबवत नाही. शारदा टॉकीज गेली, शारदा चौक राहिला. जयराम टॉकीजचं जयराम कॉम्प्लेक्स झालं. रिक्षावाल्याला आपण अजून न उरलेल्या थेटराचाच पत्ता सांगतो. एवढं मात्र सांगावंसं वाटतं, की १९६५ साली 'कहि देबे संदेस'ने छत्तीसगढी सिनेमाची सुरुवात झाली, १९७१ चा 'घर द्वार' सोडला तर पुढे कित्येक वर्षं सगळा शुकशुकाट, आणि मग ऑक्टोबर २००० च्या अखेरीस, नवं राज्य जन्माला येण्याच्या काही दिवस आधी, 'मोर छंइहा भुइंया' लागला. पडद्यावर आपली बोली ऐकून थेटरात लोक पडद्याशी बोलत होते. पडदा उत्तर देत नव्हता. त्यांना फरक पडत नव्हता.

आता रायपूरची संध्याकाळ तेलीबांधा तलावावर जाते. त्याला सगळे मरीन ड्राइव्ह म्हणतात. समुद्र नाही म्हणून कुणाचं अडत नाही. मोमो, भेळ, उंच झेंडा आणि त्याच्यासमोर हजारो फोटो. मॉल आहेत, नवा रायपुरात भलंमोठं क्रिकेटचं मैदान आहे. २१ जानेवारी २०२३ ला तिथे पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला. न्यूझीलंडचा संघ १०८ धावांत गारद, भारत आठ गडी राखून विजयी, दिवस-रात्रीचा सामना आणि लोक जेवायला घरी! जिंकलो म्हणून ओरडावं की पैसे वसूल झाले नाहीत म्हणून कुरकुरावं, हे कित्येकांना समजेना. विकतच्या करमणुकीत ही एक पंचाईत असते. कमी पडली तर आपल्याला उठून त्यात चार वाक्यं घालता येत नाहीत.

मोबाइलने माणसाला पुरतं प्रेक्षक करून टाकलं, असं मी बरीच वर्षं तावातावाने बोलत असे. तुलसी गावाने माझी थोडी अडचण केली. रायपूर जिल्ह्यातलंच गाव, वस्ती साधारण चार हजारांची, आणि त्यातले हजारभर लोक यूट्यूबच्या व्हिडिओंत या ना त्या कामाला आहेत. २०१८ च्या सुमारास दोन-चार मित्रांनी हे सुरू केलं. २०२३ मध्ये प्रशासनाने तिथे स्टुडिओच उभारून दिला. शेतकरी, दुकानदार, आज्या, शाळेतली पोरं, सगळे नट. विषय तेच: सासू, सून आणि चेपलेला नवरा. एका व्हिडिओत मागून ट्रॅक्टर जातो, नटी संवाद थांबवते, ट्रॅक्टरवाल्याला हात करते आणि पुन्हा भांडायला लागते. ते कुणी कापलेलं नाही. मदनलाल, ठाकूररामांना ही जागा नक्की आवडली असती.

तरी एक गोष्ट राहतेच. नाचात खूश झालेला माणूस नोट दाखवतो, परी त्याच्यापर्यंत चालत येते, ती बक्षिसी, म्हणजे मोंजरा, घेते. व्हिडिओ लाखभर लोकांनी पाहिला तरी त्यातला एकही नटीच्या समोर नसतो. आणि उभी राहून भांडणारी म्हातारी कुठल्याच आकड्यात बसत नाही. पैसा मात्र पूर्वीपेक्षा बरा मिळतो, आणि मंदराजींची घालवलेली शेती आठवली की यावर नाक मुरडण्याचा मला काही अधिकार वाटत नाही.

आमच्या कॉलनीत यंदा गणपतीत एकांकिका आहे. पोरं फोन लावून शूट करणार म्हणतात, करोत. मला पोस्टमनचं काम दिलंय. एकूण तीन वाक्यं. पहिल्या तालमीत दोनच आठवली, तिसऱ्याच्या जागी मी समोरच्या जोशीकाकूंना त्यांचीच मनीऑर्डर आली म्हणून सांगितलं, तर त्या "किती हो?" म्हणत उठून उभ्या राहिल्या. दिग्दर्शक अकरावीतला आहे. तो म्हणाला, काका, हेच ठेवा.